उथळ खाडीत छोटी मोटरबोट कशी चालवावी: भरतीच्या गणितापासून रुतलेली बोट काढण्यापर्यंत

चढत्या पाण्यात रुतलेली बोट बहुतेक वेळा अर्ध्या तासात आपोआप तरंगते. उतरत्या पाण्यात तीच बोट, त्याच जागी रुतली तर आठ-दहा तास हलत नाही. त्यामुळे उथळ पाण्यात शिरताना पहिला प्रश्न ‘इथे पाणी किती?’ हा नसतो. ‘पाणी चढतंय की उतरतंय, आणि अजून किती वेळ?’ हा असतो. याचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्याच्या हातून झालेल्या बाकीच्या बहुतेक चुका निस्तरता येतात.

हा लेख १५ ते २० फुटी फायबर बोटींसाठी आहे, ज्यांच्या मागे ८ ते ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन असतं. कोकणात मासेमारीला, पर्यटकांना फिरवायला आणि हल्ली हौसेखातर अशाच बोटी जास्त दिसतात. उदाहरणं मी सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीची घेतो. सह्याद्रीतून येणारी कर्ली समुद्राला भिडण्याआधी तारकर्ली-देवबागच्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीमागून दक्षिणेला वळते आणि देवबागच्या टोकाशी समुद्राला मिळते. पलीकडे भोगवे. मधे सरकती वाळू, कडेला कांदळवन, मुखाबाहेर समुद्राची लाट. उथळ पाण्याचे जवळपास सगळे प्रकार या एका खाडीत सापडतात. आचरा, तेरेखोल, जयगड, दाभोळ इथेही हेच नियम लागतात, फक्त मुंबईकडे सरकाल तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो.

बोटीला किती पाणी लागतं, ते मोजून ठेवा

‘आपली बोट फूटभर पाण्यातही जाते’ असं सांगणाऱ्याने बहुधा रिकामी बोट बघितलेली असते. माणसं, पेट्रोलची टाकी, नांगर, बर्फाची पेटी, सगळं चढवून बोट शांत पाण्यात उभी करा. पाण्याच्या रेषेपासून तळापर्यंतचं अंतर एकदा मोजा. मग इंजिन पूर्ण खाली सोडून, पंख्याच्या खालच्या पात्याच्या टोकापर्यंत दुसऱ्यांदा मोजा. तिसरं माप इंजिन उथळ पाण्याच्या खाचेत अर्धवट उचलून घ्या.

साधारण १८ फुटी बोटीचा भरलेला तळ ३० सेंटिमीटर पाण्यात असेल, तर खाली सोडलेल्या इंजिनाचं टोक ६० ते ६५ सेंटिमीटरवर जातं. म्हणजे बोटीपेक्षा इंजिनालाच दुप्पट पाणी लागतं. हे तीन आकडे रंगाने बोटीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

त्यावर शिल्लक किती ठेवायची? सपाट वाळू आणि शांत पाणी असेल तर ३० सेंटिमीटर पुरे. खाली खडप असेल तर निदान ६०. लाट असेल तर लाटेच्या उंचीची निम्मी भर त्यात घाला, कारण दोन लाटांच्या मधल्या खळग्यात बोट तेवढी खाली बसते.

भरतीचं गणित

कोकणात जुनी माणसं तिथीवरून भरती सांगतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब मुंबईच्या आसपास बराच जुळतो. मालवण-गोव्याकडे भरती मुंबईच्या आधी येते, तासाभराच्या आसपास आधी. पण खाडीच्या आत जाल तसा उशीर होतो. मुखाशी पाणी उतरायला लागलं तरी काही मैल आत ते अजून चढत असतं. म्हणून तिथीचा हिशेब पडताळ्यासाठी ठेवा आणि निघण्याचा निर्णय छापील किंवा मोबाइलवरच्या भरतीच्या कोष्टकावरून घ्या. डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस नकाशे आणि कोष्टकं काढतं, तर हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून भरतीचे अंदाज आणि उंच लाटांचे इशारे मिळतात.

कोष्टक वाचताना उंचीकडेही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा दोन्ही कमी. मुंबईत उधाणाच्या भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते, पावसाळ्यात महापालिका त्या दिवसांची यादीच काढते. मालवण पट्ट्यात हाच आकडा सव्वादोन-अडीच मीटरच्या घरात असतो. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात. सकाळची मोठी असेल तर रात्रीची छोटी असू शकते, आणि रुतलेल्या बोटीच्या दृष्टीने हा फरक फार महागात पडतो.

दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तास आणि थोडी मिनिटं. पण या सहा तासांत पाणी एकाच वेगाने चढत नाही. समजा ओहोटी आणि भरतीतला फरक १ मीटर ८० सेंटिमीटर आहे. त्याचे बारा भाग करा, एक भाग १५ सेंटिमीटरचा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे पहिल्या तासात जेमतेम १५ सेंटिमीटर आणि तिसऱ्या तासात ४५. उतरतानाही हाच क्रम. भरती संपून तास उलटला तरी पाणी ‘तेवढंच’ दिसतं, माणूस निर्धास्त होतो आणि पुढच्या दोन तासांत पाऊण मीटर पाणी पायाखालून निघून जातं.

यावरून निघायची वेळ ठरते. अनोळखी खाडीत ओहोटी संपल्यावर दीड-दोन तासांनी शिरा. वाळूचे पट्टे अजून थोडे उघडे दिसत असतात, त्यामुळे वाट कळते. पाणी चढत असतं, त्यामुळे टेकलात तरी सुटता. आणि समोर चार तासांचं चढतं पाणी असतं. उधाणाच्या ऐन भरतीला अनोळखी जागी जाणं मी तरी टाळतो. त्या उंचीवर बोट टेकली तर तेवढं पाणी पुन्हा पंधरवड्यानेच येण्याची शक्यता असते.

कोष्टकात न बसणाऱ्या दोन गोष्टी आहेत. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे जोरात वाहत असेल तर खाडीत पाणी अंदाजापेक्षा कमी चढतं. आणि घाटावर पाऊस झाला असेल तर नदीचं पाणी ओहोटीचा प्रवाह लांबवतं. कोष्टक ‘भरती सुरू’ म्हणतं आणि पाणी मात्र समुद्राकडेच धावत असतं.

सुकतीला खाडी बघून ठेवा

उधाणाच्या सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, खाडी आपलं पोट उघडं करते. त्या वेळी बोट न काढता काठावरून, पुलावरून, जेटीवरून फिरा. वाळूचे दांडे कुठून कुठवर जातात, पाण्याची शिल्लक वाट कुठल्या काठाला चिकटून वाहते, कुठे खडपं वर आली आहेत, त्याचे मोबाइलने फोटो काढा आणि फोटोत पलीकडच्या काठावरची एखादी ठळक खूण येईल असं बघा: माडांचा घोळका, मंदिराचा कळस, मोबाइलचा टॉवर. भरतीला वाळू दिसणार नाही, खुणा दिसतील.

उपग्रहाच्या चित्रांचा उपयोग होतो, पण चित्र कुठल्या महिन्यातलं आहे ते बघा. पावसाळ्यात नदीचा लोंढा आणि समुद्राची लाट मिळून वाळूची मांडणी बदलतात. कर्लीच्या मुखाशी पर्यटकांना ‘त्सुनामी बेट’ म्हणून दाखवतात तो वाळूचा उंचवटा आणि आजूबाजूच्या वाटा यांचं रूप दर हंगामात थोडं वेगळं असतं. जिथे वाळू उपसा होतो तिथे तर एका जागी पुरुषभर खड्डा आणि लगतच घोट्याएवढं पाणी सापडतं. मागच्या मार्चची वाट या नोव्हेंबरमध्ये चालेलच असं नाही. सगळ्यात ताजी माहिती रोज जाळं टाकणाऱ्याकडे असते. जेटीवर बसलेल्या एखाद्या वयस्कर माणसाला ‘काकानू, औंदा वाट खंयसून हा?’ एवढं विचारलं तरी खूप काम होतं. मात्र त्याची होडी किती पाण्यात चालते तेही विचारा. पंखा नसलेल्या होडीची वाट तुमच्या इंजिनाला पुरेलच असं नाही.

आता एक युक्ती, जी मला कुठल्याही उपकरणापेक्षा भरवशाची वाटते. आपल्या जेटीच्या एखाद्या खांबावर एक खूण ठरवा, शक्यतो रंगाचा पट्टा. एका शांत दिवशी पाणी त्या खुणेला लागलेलं असताना लगेच बोट घेऊन आपल्या नेहमीच्या वाटेवरच्या सगळ्यात उथळ जागी जा आणि काठीने खोली मोजा. समजा तिथे ९० सेंटिमीटर मिळालं. आता कायमचं कळलं: पाणी खुणेच्या वीतभर खाली असेल तर त्या जागी साधारण ७० सेंटिमीटर आहे, हातभर खाली असेल तर तिकडे फिरकायचं नाही. वारा, पूर, कोष्टकातली चूक, सगळं त्यात आपोआप धरलं जातं, कारण तुम्ही अंदाज न वाचता प्रत्यक्ष पाणी वाचता. पावसाळ्यानंतर आणि मोठ्या पुरानंतर मोजणी पुन्हा करायची. खांब आणि ती उथळ जागा एकमेकांपासून फार लांब नकोत, नाहीतर आत उशिरा येणाऱ्या भरतीने हिशेब बिघडतो.

पाणी वाचायला शिका

नदी वळते तिथे बाहेरच्या काठाला पाणी वेगाने घासतं आणि खोल होतं, तर आतल्या काठाला मंदावतं आणि वाळू टाकतं. म्हणून वाट बाहेरच्या काठाने धरा. कापलेला, उभा, मुळं उघडी पडलेला काठ म्हणजे बहुधा खोल पाणी, आणि उतरत गेलेली पुळण म्हणजे उथळ. अडचण दोन वळणांच्या मधे येते. तिथे खोल वाट एका काठावरून दुसऱ्या काठाकडे तिरकी जाते आणि नेमकी तिथेच ती सगळ्यात उथळ असते. नवशिके इथे सरळ रेषेत जातात आणि टेकतात. वेग तिथेच कमी करा.

जमिनीचं टोक पाण्यात शिरलेलं दिसतं, तेव्हा ते पाण्याखालीही पुढे गेलेलं असतं. वळसा मोठा घ्या. बेटाच्या खालच्या अंगाला, प्रवाह जिकडे जातो तिकडे, वाळूची शेपूट असते. दोन प्रवाह मिळतात तिथे मधोमध गाळ साचतो. कांदळवनाच्या कडेला चिखल हळूहळू चढत जातो. तिथे धक्का बसत नाही, बोट नुसती जड होत जाते आणि मग थांबते.

पृष्ठभाग बघा. सगळीकडे सारखा वारा असताना एखाद्या पट्ट्यात बारीक, दाट, उड्या मारणाऱ्या लहरी दिसल्या तर प्रवाह तिथे उथळ जागेवरून चढतोय. उलट आजूबाजूला खळबळ आणि मधेच गुळगुळीत जीभ दिसली तर खोल वाट तीच असण्याची शक्यता जास्त. प्रवाहात बाणासारखी खूण उमटली तर तिचं टोक बघा. टोक प्रवाह येतो त्या बाजूला असेल तर त्या टोकाशी पाण्याखाली खुंट, दगड किंवा ओंडका आहे. टोक प्रवाह जातो त्या बाजूला असेल, तर दोन अडथळ्यांमधून पाणी निसटतंय आणि वाट मधून आहे.

रंगावर अर्धवट विश्वास ठेवा. स्वच्छ पाण्यात, सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असताना वाळू पिवळट-फिकट आणि खोल पाणी गडद दिसतं. पण गडद डाग म्हणजे खडपही असू शकतं. खाडीच्या आतलं पाणी गढूळ असतं, तिथे रंग काहीच सांगत नाही. सूर्य समोर असेल तर चकाकीने सगळं झाकलं जातं. म्हणून संध्याकाळी पश्चिमेकडे, मुखाच्या दिशेने येणारा परतीचा प्रवास अवघड असतो. पोलराइज्ड चष्मा चैनीची वस्तू वाटते, पण इथे खरोखर कामाला येतो.

बगळा पाण्यात उभा असेल तर तिथे वीत-दोन वीतच पाणी आहे. ओळीने उभे असतील तर तो वाळूचा दांडा. बाया वाकून तिसऱ्या किंवा मुळे (शिंपले) काढताना दिसल्या तर त्या भागापासून लांब राहा. एक तर पाणी कमी, दुसरं म्हणजे तुमची लाट त्यांच्या अंगावर जाते.

खाडीच्या मुखाबाहेर लाट कुठे फुटते ते बघा. लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वा ते दीडपट खोलीवर फुटते. मीटरभर उंचीची लाट जिथे फेसाळतेय तिथे सव्वा-दीड मीटरच पाणी आहे असं समजा, आणि दोन लाटांमधल्या खळग्यात त्याहूनही कमी.

आणि मागेही बघा. पाणी उथळ झालं की बोटीचा मागचा भाग खाली बसतो, मागची लाट उभट होऊन जवळ सरकते, इंजिनाचा आवाज जड होतो आणि वेग आपोआप पडतो. मागचं पाणी चहासारखं तपकिरी झालं तर पंखा तळ ढवळतोय. यातलं काहीही जाणवलं तर पुढची पाच सेकंदं तुमची आहेत, त्यानंतर वाळूची.

प्रत्यक्ष चालवताना

निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला किल स्विचची दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं. उथळ पाण्यात बोट अचानक थांबते आणि उभा माणूस पुढे फेकला जातो. तो नाळीवरून (बोटीच्या पुढच्या टोकावरून) पडला आणि इंजिन चालू असलं तर पुढे काय होईल ते सांगायला नको. सगळ्यांना खाली बसवा.

१. उथळ पट्टा येण्याच्या बऱ्याच आधी वेग कमी करा. बोट पाण्यावर उचलून जोरात जात असताना तिला पाणी कमी लागतं हे खरं, आणि म्हणूनच काही जण वाळूवरून ‘उडवत’ नेतात. पण काही कारणाने मधेच थांबावं लागलं की बोट खाली बसते, तळ टेकतो आणि तोवर तुम्ही पट्ट्याच्या मधोमध असता.

२. वजन पुढे सरकवा. मागे बसलेली दोन माणसं मधल्या फळीवर आली की इंजिनाकडचा भाग थोडा उचलला जातो आणि काही सेंटिमीटर मिळतात.

३. इंजिन थोडं थोडं उचला. प्रत्येक वेळी थांबून थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार चालू आहे ना ते बघा. पाणी ओढणारी जाळी इंजिनाच्या खालच्या पायावर असते. ती पाण्याबाहेर आली की धार थांबते आणि इंजिन मिनिटा-दोन मिनिटांत तापू शकतं. उचललेल्या स्थितीत थ्रॉटल अगदी कमी. पंख्याने हवा ओढली की आवाज एकदम चढतो आणि बोट मात्र पुढे जात नाही. छोट्या इंजिनांना उथळ पाण्याची वेगळी खाच किंवा लीव्हर असतो. त्या खाचेत असताना मागचा गिअर टाकला तर बऱ्याच इंजिनांना खाली धरून ठेवणारा अडसर लागत नाही आणि इंजिन वर उसळतं. तुमच्या इंजिनाचं काय होतं ते खोल पाण्यात आधी करून बघा.

४. एक माणूस नाळीजवळ काठी घेऊन बसवा. दहा-बारा फुटी बांबू, त्यावर दर २५ सेंटिमीटरवर रंगीत टेपचा पट्टा आणि तुमच्या बोटीला लागणाऱ्या खोलीवर लाल पट्टा. काठी बोटीच्या थोडी पुढे, तिरकी टाकायची. उभी टाकली आणि रुतली तर माणूस काठीवर लटकतो आणि बोट पुढे निघून जाते. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवा: डावा हात, उजवा हात, दोन्ही वर म्हणजे न्यूट्रल.

५. काठी तळाविषयीही सांगते. खडखडली तर खडप किंवा कालवांचा थर, करकरली तर वाळू, आत गेली आणि बाहेर यायला कुरकुरली तर चिखल. फिशफाइंडर असेल तर जरूर वापरा, पण तो बहुधा मागच्या फळीवर बसवलेला असतो आणि तिथलीच खोली दाखवतो. ताशी १० किलोमीटर वेगाने १८ फुटी बोट दोन सेकंदांत स्वतःच्या लांबीइतकी पुढे जाते. तो इशारा देईपर्यंत नाळ वाळूवर पोचलेली असते.

६. शक्य असेल तर प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने उथळ जागा ओलांडा. सुकाणूला बोट ऐकते आणि थ्रॉटल सोडला की ती थांबते. प्रवाहाबरोबर जाताना टेकलात तर पाणी तुम्हाला वाळूवर आणखी ढकलतं आणि कधी आडवं करून कलंडवतं. यात एक पेच आहे. चढत्या पाण्यात खाडीच्या आत जाताना प्रवाह मागूनच असतो. तिथे चढत्या पाण्याचा फायदा मोठा, म्हणून तो घ्यायचा आणि वेग आणखी कमी ठेवायचा.

७. मोबाइलवर मार्गाची नोंद चालू ठेवा. सुखरूप आत गेलेली रेघ हीच बाहेर यायची वाट, फक्त तेव्हा पाणी किती होतं ती वेळ सोबत लिहून ठेवा.

मोठ्या बंदरांच्या वाटेवर बोये (तरंगत्या खुणा) असतात. आपल्याकडे समुद्रातून आत येताना लाल डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला ठेवायचे. छोट्या खाड्यांत बोये सहसा नसतात. बांबू रोवलेले दिसतात, पण तो बांबू वाटेची खूण आहे की डोलजाळ्याचा (खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याचा) खुंट आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही.

खाडीचं मुख

खाडीच्या आत रुतलात तर वेळ जातो. मुखाशी रुतलात तर लाट बोट भरते आणि जीव जातो. म्हणून इथला नियम कडक आहे: ओहोटीचा प्रवाह बाहेर धावत असताना आणि समोरून समुद्राची लाट येत असताना मुख ओलांडू नका. दोन्ही भिडले की लाट उभी राहते आणि वाळूच्या दांड्यावर फुटते. भरतीचा शेवटचा तास आणि पाणी थबकतं तो थोडा वेळ, ही बाहेर जायची वेळ.

मुखाच्या आत सुरक्षित जागी थांबून निदान दहा मिनिटं नुसतं बघा. लाटा गटाने येतात, तीन-चार मोठ्या, मग काही वेळ शांतता. मोठा गट कुठे फुटतो आणि कुठली वाट फुटत नाही ते ठरवा. सगळीकडे सलग फेस असेल तर परत फिरा. दांड्यावर निम्म्यात गेल्यावर वळायचं नसतं, आडव्या बोटीवर लाट आली की ती उलटते. इन्कॉइसचा उंच लाटांचा इशारा असेल त्या दिवशी किनाऱ्यावर ऊन आणि निवांत वारा असला तरी लांबून आलेली लाट मुखाशी चढतेच. पावसाळ्यात या मुखांवर छोट्या बोटीने जायचा प्रश्नच येत नाही.

रुतलात तर

पहिला झटका मागच्या गिअरचा असतो. तो आवरा. पंखा वाळू उपसून बोटीच्याच तळाखाली टाकतो, थंडाव्याच्या वाटेत रेती जाते आणि तिथलं पाणी ओढणारी रबरी चकती, म्हणजे इम्पेलर, खाल्ला जातो. न्यूट्रल करा, इंजिन बंद करा, वर उचला.

मग क्रमाने: कोणाला लागलंय का, बोटीत पाणी येतंय का, घड्याळात किती वाजले. पाणी चढत असेल तर खोल पाण्याच्या दिशेने नांगर टाका, म्हणजे तरंगल्यावर बोट आणखी वाळूवर जाणार नाही, आणि वाट बघा. उतरत असेल तर तुमच्याकडे मिनिटं आहेत. दर मिनिटाला तळाखालचं पाणी जातंय.

घट्ट वाळू असेल आणि पाणी गुडघ्याएवढं असेल तर दोघा-तिघांनी उतरावं. बोट तेवढी हलकी होते, बऱ्याचदा एवढ्यानेच सुटते. पाय उचलून टाकू नका, घासत न्या, वाळूत पाकट मासा दबून बसलेला असतो आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. चपला-बूट घालूनच उतरा, कालवांची धार ब्लेडसारखी लागते. चिखलात मात्र उतरू नका. खाजणातला चिखल मांडीपर्यंत घेतो आणि मग बोटीबरोबर माणूसही काढावा लागतो. आलात त्याच दिशेने ढकला, कारण तिथे पाणी होतं हे नक्की माहीत आहे. दोघांनी नाळ एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे डोलवली की तळाची पकड सुटते.

एवढ्याने सुटली नाही तर नांगर हातात घेऊन एकाने दोरी पुरेल तितकं खोल पाण्याकडे चालत जावं, नांगर रोवावा आणि बोटीतून दोरी ओढावी. लाट किंवा मोठ्या बोटीची लहर आली की त्याच क्षणी ओढा. दुसऱ्या बोटीने ओढायचं असेल तर दोरी मजबूत कडीलाच बांधा आणि ताणलेल्या दोरीच्या रेषेत कोणी उभं राहू नका. कडी उपटून आली तर ती गोळीसारखी येते.

उतरत्या पाण्यात पाच-दहा मिनिटांत जमलं नाही तर झटापट थांबवा आणि हिशेब करा. भरतीनंतर जितक्या वेळाने रुतलात, पुढच्या भरतीच्या साधारण तितकाच वेळ आधी सुटाल. भरतीनंतर दोन तासांनी रुतलात तर १२ तास २५ मिनिटांतून चार तास वजा, म्हणजे ८ तास २५ मिनिटं. तासाभराने रुतलात तर १० तास २५ मिनिटं. पुढची भरती आजच्यापेक्षा छोटी असेल तर आणखी उशीर. तेवढ्या वेळात अंधार पडणार का, पाणी प्यायला आहे का, फोनला चार्ज आहे का, हे आत्ताच बघा. घरी आणि जेटीवर कळवा. नांगर खोल बाजूला लावून ठेवा. बोट कलत असेल तर ती काठाच्या बाजूला कलेल असं करा, नाहीतर भरतीचं पाणी बोट उचलायच्या आधी आत शिरतं.

जाळी आणि खुंट

डोलजाळ्याचे खुंट भरतीला पाण्याखाली जातात, वर फक्त एखादा बोया किंवा पाण्यातली बाणासारखी खूण राहते. नायलॉनची तंगूस जाळी तर दिसतच नाही. छोट्या थर्मोकोलच्या तुकड्यांची ओळ दिसली की तिच्या टोकाला वळसा घाला. जाळं पंख्यात गेलंच तर इंजिन बंद करा, किल स्विच काढून घ्या, इंजिन वर उचला आणि पंखा हाताने उलटा फिरवून जाळं सोडवा. कापायचा सुरा सोबत हवाच, पण दुसऱ्याचं जाळं कापायच्या आधी मालकाला हाक मारा. बहुतेक वेळा तो तुमच्यापेक्षा लवकर सोडवतो.

परतल्यावर

उथळ पाण्यातून आलेल्या इंजिनात रेती आणि गाळ असतो. गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन उभं करून दहा मिनिटं चालवा आणि धार सुरुवातीला होती तेवढीच जोरकस आहे ना ते बघा. धार बारीक झाली असेल तर आधी बारीक तारेने धारेचं भोक साफ करा. तरी सुधारली नाही तर इम्पेलर बघायला हवा.

पंख्याच्या कडांवरून हाताचं बोट फिरवा. छोटे खरचटे कानशीने घासून निघतात. पातं वाकलं असेल तर बदला, नाहीतर इंजिन थरथरतं आणि ती थरथर बेअरिंगपर्यंत जाते. ज्या छोट्या इंजिनांना शिअर पिन (पंखा आपटला की आधी तुटून इंजिन वाचवणारी पिन) असते, त्यांची दोन जादा पिना आणि पक्कड बोटीतच ठेवा. शेवटी पंखा काढून त्याच्या मागे तंगूस गुंडाळली गेली आहे का ते बघा. ती आत घुसून सील कापते आणि गिअरच्या तेलात पाणी जातं. तेलाचा खालचा स्क्रू किंचित सैल करून दोन थेंब काढा. तेल दुधाळ आलं तर सील बदलेपर्यंत बोट पाण्यात घालू नका.